आप्पांचा गाल आणि कार्बनचा कण

आपल्याला कॅन्सर झालाय हे आप्पांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलं, आणि तेही बैलाच्या शिंगावरून. आप्पा म्हणजे माझे वडील. देवणीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी सारी उमर ड्रेसर म्हणून काढली. लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, नव्या जागा भरल्या, तेव्हा आमच्या बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीला लागलेले ते पहिले. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई टोचत असताना जनावर धरून ठेवणं, हे त्यांचं काम. गावातल्या बड्या शेतकऱ्यांना आप्पांनी बैलाच्या नाकात हात घातलेला चालायचा, चहा मात्र वेगळ्या कपात यायचा. आप्पा तो कधी प्यायले नाहीत. आत्ताच घेतला म्हणायचे आणि बैलाकडे वळायचे.

बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो. शिंगाच्या आत पोकळी असते, ती खाली नाकापर्यंत पोचते, आणि रोग तिथं वाढतो. बैल सारखं डोकं झटकायला लागतो, एका नाकपुडीतून पातळ रक्त गळतं, आणि शिंगावर बोटानं टकटक केलं तर पोकळ आवाजाऐवजी भरल्यासारखा बद्द आवाज येतो. आप्पांचा कान त्या आवाजाला इतका सरावला होता की डॉक्टरसुद्धा आधी त्यांना टकटक करायला लावायचे. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर आप्पा नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांच्या उजव्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं. माय म्हणाली, ऊन बाधलं असंल. आप्पांनी आरशासमोर उभं राहून आधी डाव्या गालाच्या हाडावर टकटक केली, मग उजव्या. मग मला फोन लावून म्हणाले, "बाई, माझं शिंग भरलंय."

नांदेडच्या डॉक्टरांनी दोन आठवडे तपासण्या केल्या आणि तेच सांगितलं. उजव्या गालाच्या हाडाआडच्या पोकळीत गाठ होती आणि ती वर डोळ्याच्या तळापर्यंत पोचली होती. ऑपरेशन करायचं तर डोळा जाणार, टाळूचा तुकडा जाणार. दुसरा रस्ता किरणोपचारांचा. आठवड्यातले पाच दिवस, असे साडेसहा आठवडे, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. आमच्याकडे त्याला लाईट घेणं म्हणतात. माझी मावशी मुदखेडला राहते, काका रेल्वेत. आप्पा आणि माय तिच्याकडे राहायला गेले. रोज सकाळी मुदखेडहून गाडीनं नांदेड, तिथून ऑटोनं दवाखाना. मुदखेडलाही नळ आठ-आठ दिवस यायचा नाही, पण मावशीनं एक हंडा आप्पांसाठी बाजूला ठेवला होता आणि त्याला घरात कुणी हात लावायचं नाही असा तिचा हुकूम होता.

आता माझ्याविषयी. मी तेव्हा घरापासून फार लांब, एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते, आणि माझा विषय नेमका हाच होता. किरण पेशीत शिरले की काय होतं. सगळ्या नात्यागोत्याला वाटलं, घरातच या विषयातली शिकलेली पोरगी आहे, मग घोर कसला? मलाही तसंच वाटलं, हे जास्त वाईट.

माझं काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत मनोऱ्यासारखं उंच यंत्र होतं. त्यात कार्बनचा अणू घ्यायचा, म्हणजे कोळशात असतो तोच, त्याच्याभोवतीचे इलेक्ट्रॉन काढून टाकायचे आणि उरलेला जड कण भयानक वेगानं पळवून काचेच्या बशीतल्या पेशींवर सोडायचा. मग त्या पेशी उबेत ठेवायच्या आणि दोन आठवडे वाट बघायची. जी पेशी वाचली ती वाढून टिकलीएवढा ठिपका करते. जांभळा रंग ओतला की ठिपके दिसतात, ते मी मोजायची. साध्या एक्स-रेच्या बशीत ठिपकेच ठिपके. कार्बनच्या बशीत, तेवढ्याच माऱ्याला, अगदी थोडे. पहिल्यांदा ती बशी खिडकीशी धरली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगते, पुढे शेकडो बशा पाहिल्या तरी तो यायचा थांबला नाही.

कारण असं आहे. प्रत्येक पेशीत आपला सगळा आराखडा दोन पदरी धाग्यात लिहिलेला असतो. एक्स-रे त्या धाग्याला इकडेतिकडे टोचतो. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्याकडे बघून तो सांधते. तिची ही सांधासांध रोज, आपल्या नकळत चाललेली असते, आणि ती पाहणं हाही एक चमत्कारच आहे. पण जड कण धाग्यातून आरपार जाताना दोन्ही पदर एकमेकांच्या अगदी जवळ चार ठिकाणी तोडतो. पेशीला कुठलं टोक कुठं जोडायचं तेच उमगत नाही. त्याहून नवल त्याच्या वाटेचं. शरीरात शिरताना तो फारसं काही सोडत नाही. कातडीतून जातो, मांसातून जातो, आणि थांबायच्या अगदी आधी, शेवटच्या टप्प्यात, जवळचा सगळा जोर एकदम ओततो. वेग नीट बेतला तर तो कुठं थांबणार हे आधी ठरवता येतं. असेच कण मेलेल्या ताऱ्यांमधून उडतात आणि आकाशात कायम भटकत असतात. आपण पृथ्वीवर आहोत, डोक्यावर हवेचा एवढा जाड थर आहे, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. अंतराळात गेलेल्या माणसाच्या मात्र ते हाडामांसातून जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही. त्याला कसं जपायचं आणि तोच कण गाठीवर कसा सोडायचा, हे दोन्ही प्रश्न एकाच बशीत सुटणार होते. मला माझ्या कामाचा माज होता म्हणा, पण तो माज नवलाचा होता.

उपचारांच्या पहिल्या आठवड्याला मी रजा घेऊन आले. मुदखेडच्या फलाटावर सकाळी आम्ही दोघं गाडीची वाट बघत बसलो होतो. आप्पा म्हणाले, तुमचं हे लाईटबी डागच हाय न्हवं?

डाग म्हणजे डागणी. बैल लंगडायला लागला की तापलेल्या लोखंडानं त्याच्या खांद्यावर चरे ओढायचे, अशी जुनी रीत. आप्पा जन्मभर तिच्याशी भांडले. कातडी जळाली, दुखणं आतच राहिलं, हे त्यांचं प्रत्येक शेतकऱ्याला ऐकवायचं वाक्य. डागलेला बैल कुणी दवाखान्यात आणला की मालकाची धडगत नसायची. आणि माझ्या विद्येची बरोबरी ते त्या लोखंडाशी करत होते. माझा स्वभाव आधीच तापट. मी फणकारले आणि कार्बनच्या कणाची सगळी कथा त्यांना सांगितली. कातडीला धक्का न लावता आत जातो, आत जाऊन थांबतो, थांबतो तिथंच मारतो. आप्पा मान तिरकी करून ऐकत होते. जनावराच्या पोटाला कान लावताना त्यांचा असाच चेहरा व्हायचा.

"म्हंजी डागणीच्या बरोब्बर उलटं," ते म्हणाले. मग विचारलं, "आन् नांदेडची मशीन तसलीच हाय?"

नव्हती. तसली मशीन तेव्हा आपल्या देशातच नव्हती. जपान-जर्मनीत होत्या, एकेकीला इमारतभर जागा लागायची. माझ्या स्वतःच्या यंत्रातला कण तर जाड कागदापलीकडे जात नव्हता. नांदेडला होती ती चांगली, नेहमीची एक्स-रेची मशीन, आणि त्यांच्या गाठीला तीच मिळणार होती. पण समोर त्यांचा खुललेला चेहरा होता, आणि पोरीचं शिक्षण आपल्या कामी आलं हा आनंद त्यावर इतका उघड होता की मला खरं सांगवेना. गाडी फलाटाला लागत होती.

"हाव, तसलीच," मी म्हणाले.

रजा संपली, मी परत गेले. फोनवर आप्पा रोज बरं हाय म्हणायचे. चौथ्या आठवड्यात त्यांचा गाल लाल झाला, मग काळवंडला, मग सालपटं निघाली. हे असं होणार, घाबरू नका, मलम लावा, असं दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण त्यांचं ऐकायचं की घरच्या तज्ज्ञाचं? आप्पांनी आपल्या परीनं अगदी चोख हिशेब केला. चांगला किरण कातडीला हात लावत नाही, असं पोरगी म्हणाली. आपली कातडी जळाली. म्हणजे मशीन बिघडलीय, सगळा जोर बाहेरच खर्च होतोय, आत काही पोचत नाही. म्हणजे ही डागणीच झाली. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात एका बैलाला डागू दिलं नाही, तो स्वतःला कसा डागून घेईल? ते मायला घेऊन देवणीला निघून गेले. कुणाशी भांडले नाहीत, मावशीला म्हणाले, डॉक्टरनं सुट्टी दिली.

मला कळलं ते मशीन चालवणाऱ्या टेक्निशियन बाईंच्या फोनमुळे. फाइलवर माझा नंबर होता. तुमचे वडील तीन दिवस आले नाहीत, म्हणाल्या, शेवटच्या दिवशी विचारत होते, चांगला किरण कातडी जाळतो का? मी बशा तशाच सोडल्या आणि गाडीत बसले. त्या प्रवासात मी दुसरा कसलाच विचार करू शकले नाही. खंड पडला की गाठीतल्या पेशी सावरतात हे जगात ज्या थोड्या लोकांना मोजून माहीत आहे त्यांत मी एक होते, आणि माझ्याच बापाच्या उपचारात खंड माझ्यामुळे पडला होता.

देवणीत पोचले तो पाचवा दिवस. आप्पा घरी नव्हते. चारा छावणीवर गेले होते. दुष्काळात गावोगावची जनावरं तिथं आणून बांधली होती आणि निवृत्त झालेल्या आप्पांना कुणी न बोलावता तिथं काम सापडलं होतं. छावणीच्या तोंडाशी चार माणसं उदगीर जिल्हा झाला तर देवणी कुठं जाईल यावर वाद घालत होती. आप्पा आत होते, उजव्या गालावर ओला पंचा धरून, डाव्या हातानं एका वानेऱ्या बैलाच्या खुरातली माती काढत. काळ्या-पांढऱ्या तोंडाचा म्हणून वानेरा म्हणायचा, तो बैल शांत उभा होता. मला बघून आप्पांना नवल वाटलं नाही. त्यांनी शांतपणे मशीन बिघडल्याचं सांगितलं. डॉक्टर लोकांची चूक नसंल, मशीनचं काय सांगावं, असंही म्हणाले. मग म्हणाले, तू तुझ्या मोठ्या सायबाला सांगून ती दुरुस्त करून घे, मग येतो.

पत्र्याच्या सावलीत मी खाली मातीतच बसले आणि खरं सांगून टाकलं. तसली मशीन इथं नाही, देशातच नाही, मी खोटं बोलले.

आप्पांनी खूर खाली ठेवला. बराच वेळ ते बैलाची पाठ थोपटत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुई टोचायची तर ती पाठीमागं लपवून जावं लागतं. जनावराला सांगता येत न्हाई म्हून. मला तर सांगता येत होतं, बाई."

मी रडले. त्यांनी मला उगी केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग ही मशीन करते तरी काय, आता खरं सांग. मी सांगितलं. हे किरण कातडीपासूनच मारत जातात आणि पलीकडून बाहेर पडतात. कुठं थांबत नाहीत. म्हणून कातडी जळते. पण ते वेगवेगळ्या बाजूंनी सोडतात आणि सगळ्यांच्या वाटा गाठीत येऊन मिळतात. एका दिवशी थोडीच इजा करतात. चांगली पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःला सांधून घेते. रोगट पेशीला ते काम धड जमत नाही, ती अर्धवट सांधलेली असतानाच दुसरा मार येतो. पुन्हा मार, पुन्हा मार. सगळी करामत त्या रोजच्या येण्यात आहे.

आप्पांनी हे दोनदा सांगायला लावलं. सांधण्याचं त्यांना फार नवल वाटलं. जखम बाहेरून भरत नाही, आतून भरते, एवढं त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. पण ती धाग्याधाग्यानं भरत असेल, आणि आपल्याला न विचारता रोज भरत असेल, हे ऐकून ते थक्क झाले. स्वतःच्या हाताकडे उलटसुलट बघत राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजी मी हितं बसलो त्या पाच दिसांत गाठबी सांधून राहिली?"

मला हो म्हणताना फार जड गेलं, पण म्हणाले. आप्पांनी बैलाचा दोर छावणीवाल्याच्या हातात दिला आणि आम्ही घरी जाऊन मायला पिशवी भरायला सांगितलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी चार गोष्टी सुनावल्या, त्या मी ऐकून घेतल्या. वाया गेलेले दिवस भरून काढायला काही वाढीव दिवस दिले. फरक पडेल का विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मी या वेळी शेवटपर्यंत राहिले. आप्पा माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. गाडीत शेजारी बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

एक दिवस उपचार घेऊन बाहेर आल्यावर ते बाकावर बसले. गालावर, कपाळावर मास्कच्या जाळीचे वळ उठले होते. डोकं जराही हलू नये म्हणून तो मास्क चेहऱ्यावर बसवून टेबलाला खिट्ट्यांनी अडकवतात. म्हणाले, "एक सांगू का? तू खरं सांगितलंस, म्हून मीबी सांगतो. आतमधी डोळे मिटलेले असताना मला उजेड दिसतो. निळा. पैल्या दिसापासून." डोळा चालला असं समजून त्यांनी ते महिनाभर मनात ठेवलं होतं. डॉक्टरांना कळलं तर मशीन बंद करतील, म्हणून.

हे मी वाचलं होतं. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांनी सांगितलं होतं, की अंधार करून डोळे मिटले तरी मधूनच उजेडाची रेघ चमकून जायची. ते जड कण होते. कुठल्या तरी ताऱ्याच्या मरणातून निघालेले, कोण जाणे किती काळ चाललेले, आणि शेवटी एका माणसाच्या बुबुळामागून जाताना दिसलेले. सगळ्या मानवजातीत बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनी ते चंद्राच्या वाटेवर पाहिलं. आणि देवणीच्या दवाखान्यातला एक ड्रेसर नांदेडमध्ये मिटल्या डोळ्यांनी त्याच्याच भाऊबंदातलं काहीतरी रोज बघत होता आणि घाबरून गप्प राहत होता.

मी त्यांना हे सगळं सांगितलं, आणि या वेळी पुढचंही सांगितलं. तुमच्या डोळ्यात जड कण नाहीत. तुमचा उजेड का दिसतो हे नक्की कुणाला ठाऊक नाही. काही जण म्हणतात डोळ्याच्या आतच किरणांमुळे निळा उजेड पडतो, काही म्हणतात मागची नस चाळवते. पुढे त्या डोळ्याला मोतीबिंदू होईल बहुतेक, चंद्रावर गेलेल्यांपैकी काहींना झाला तसा. आप्पा ऐकत होते. कुणाला ठाऊक नाही हे त्यांना सगळ्यात जास्त आवडलं असावं, कारण तेव्हा ते कितीतरी दिवसांनी माझ्याकडे वळून बसले.

तो उजेड किती वेळा दिसतो हे मोजायची कल्पना त्यांचीच, उजेड दिसला की बोट वर करायचं. पुढे स्कॅन साफ निघाला, मोतीबिंदू झाला, तो काढला, आप्पा आज आहेत, हे सगळं नंतरचं. उपचारांच्या शेवटच्या दिवशी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. टेक्निशियन बाईंनी मला बाहेरच्या खोलीत, पडद्यासमोर बसू दिलं. आप्पांनी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, डोकं हलणार नाही, फक्त उजव्या हाताचं एक बोट उचललं तर चालेल का? बाई म्हणाल्या, चालेल, पण पूर्ण हात उचललात तर मी मशीन थांबवीन.

पडद्यावर आप्पा छोटे दिसत होते. चेहरा मास्कखाली, बाकी अंग गप्प. यंत्राचं डोकं त्यांच्याभोवती फिरलं, आवाज सुरू झाला, आणि थोड्या वेळानं त्यांचं बोट वर झालं. इतकी वर्षं मी मेलेल्या आणि वाचलेल्या पेशींचे ठिपके मोजत आले होते. जिवंत माणसानं आतून दिलेली खूण मी पहिल्यांदाच पाहत होते. बोट खाली गेलं, परत वर झालं. या क्षणी आत धागे तुटताहेत, चांगले उद्यापर्यंत सांधले जातील, वाईट बहुधा नाही, हे मला कळत होतं, आणि कळत असूनही ते खरं वाटत नव्हतं, इतकं ते मोठं होतं. मी हात जोडून बसले होते हे मला बाईंनी नंतर सांगितलं.

आप्पा बाहेर आले. छावणीतल्या त्या दिवसापासून ते आपली फाइल स्वतःच्या काखेत धरायचे, मला हात लावू देत नव्हते. त्या दिवशीही ती काखेतच होती.

"किती मोजलीस?"

सात, मी म्हणाले. मग म्हणाले, एक आठवं असेल कदाचित, बोट जरासंच हललं होतं, पण ते मी धरलं नाही, कारण नक्की नव्हतं.

"आठवं न्हवतं," आप्पा म्हणाले. "बोट खाजत होतं." आणि फाइल माझ्या हातात देऊन ते ऑटो बघायला पुढे निघाले.